ऑल्टनच्या कुंपणाबाहेर

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर भागात चर्नेट नावाची लहानशी नदी दाट झाडीच्या दरीतून वाहते. तिच्या एका अंगास उंच कड्यावर ऑल्टन हे जुने गाव वसले असून, दुसऱ्या अंगास वृक्षांच्या शेंड्यांवरून एका ओसाड वाड्याचे बुरूज डोके वर काढून उभे असलेले दिसतात. या बुरुजांमुळेच त्या जागेस ‘ऑल्टन टॉवर्स’ हे नाव मिळाले. एके काळी तेथे एक उमराव घराणे नांदत होते. आज वाड्याभोवतीच्या रानात इंग्लंडातील एक अतिप्रसिद्ध क्रीडोद्यान पसरले आहे, आणि लाखो माणसे दरवर्षी मुलाबाळांसह तेथे एक दिवस घालवावयास येतात.

वाडा, दरी आणि उद्यान ही तर तेथे नेहमीच दिसतात. परंतु त्यांहून निराळे असे एक दृश्य या ठिकाणी अधूनमधून पाहावयास मिळते, आणि प्रस्तुत लेख त्याविषयी आहे. काही वर्षांच्या अंतराने उद्यानाच्या एखाद्या कोपऱ्यात उंच कुंपण उभे राहते. आत यंत्रे घरघरू लागतात, मातीचे ढीग वाढतात, आणि एके दिवशी लोखंडाचा पहिला खांब झाडांतून डोकावू लागतो. मालक मौन धरून बसतात. मग कुंपणाबाहेर शौकीन मंडळी जमू लागते. कोणी भेगेतून डोकावतो, कोणी छायाचित्रे घेतो, कोणी खांब मोजून वहीत टिपून ठेवतो. प्रश्न सर्वांचा एकच असतो: आत नवी गाडी येणार ती कशी असेल?

आपल्या गावी फेस्ताच्या चार दिवस आधी मैदानात आकाशपाळण्याचे सांगाडे येऊन पडले की मुले शाळेची वाट सोडून तिकडे वळतात, हे कोणाही आईबापास सांगावयास नको. ऑल्टनचे तर्कपंडित ही त्याच जातीची माणसे. फरक इतकाच की त्यांच्यातील कित्येकांचे केस पिकलेले असतात, आणि त्यांची वाट पाहणी चार दिवसांची नसून दोन-दोन वर्षांची असते.

गाडी कशी चालते

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तिला रोलर कोस्टर म्हणतात. खांबांवर उभारलेल्या उंचसखल, नागमोडी रुळांवरून माणसांनी भरलेल्या डब्यांची एक माळ वेगाने धावते. तिला इंजिन नसते. जुन्या पद्धतीत एक साखळी डब्यांना ओढून पहिल्या चढाच्या माथ्यावर नेते आणि तेथे सोडून देते. त्यानंतरचा सारा प्रवास केवळ पृथ्वीच्या ओढीवर होतो. माथ्यावर कमावलेली उंची उतारावर वेग होते, तो वेग पुढल्या चढावर पुन्हा उंची होतो, आणि वाटेत घर्षण व वारा आपला वाटा कापून घेत असल्यामुळे पुढचा प्रत्येक चढ बहुधा पहिल्याहून ठेंगणा ठेवावा लागतो. म्हणजे पहिल्या चढाची उंची ठाऊक झाली की पुढल्या प्रवासाचा बराचसा हिशेब करता येतो. जाणते शौकीन पहिला मोठा खांब उभा राहताच वही उघडतात ते याचसाठी.

असली गाडी पाहण्यासाठी आता विलायतेस जाण्याची गरज उरलेली नाही. खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानात २०१३ साली सुरू झालेली ‘नायट्रो’ ही गाडी प्रवाशांना पाच वेळा उलटे करते. ती बोलिगर आणि माबियार या ज्या स्विस कारखान्याने घडविली, त्यानेच ऑल्टनच्या दोन अत्यंत नावाजलेल्या गाड्या घडविल्या आहेत. त्यांची हकीगत पुढे येईलच.

उमराव, शिल्पी आणि ओक वृक्ष

ऑल्टनला गुप्ततेचे आणि तर्काचे वातावरण आजचे नाही. हा वाडा श्रूजबरीच्या अर्लांचा. टॅलबट हे त्यांचे घराणे कॅथलिक होते. इंग्लंडात कॅथलिकांवरील राजकीय निर्बंधांपैकी बहुतेक १८२९ साली दूर झाले, आणि त्यानंतर सोळावे अर्ल जॉन टॅलबट यांनी आपली संपत्ती मंदिरे बांधण्याकडे वळविली. त्यांना ऑगस्टस पुजिन हा तरुण शिल्पी लाभला. लंडनच्या पार्लमेंटगृहाची अंतर्गत सजावट ज्याच्या हातची, तोच हा पुजिन. ऑल्टनच्या वाड्यात आणि समोरच्या कड्यावरील गढीत त्याने काम केले. ऑल्टनपासून काही मैलांवर चीडल गावात त्याने संत जाइल्सचे जे मंदिर उभारले, ते १८४६ साली पुरे झाले. त्याचा मनोरा २०० फूट उंच आहे, आणि आतील एकही भिंत रंगाविना सोडलेली नाही. १८५२ साली उमराव आणि शिल्पी दोघेही निवर्तले. त्यानंतर चारच वर्षांत घराण्याची ती शाखा खुंटली, आणि वाडा दूरच्या नातलगांकडे गेला.

लोकांनी या घराण्याभोवती एक कहाणी गुंफली आहे. शरदातील एका रात्री अर्लच्या बग्गीसमोर एक भिकारीण आली व तिने भीक मागितली. अर्लने तिला झिडकारले. तेव्हा तिने जवळच्या जुन्या ओक वृक्षाकडे बोट दाखवून शाप दिला की, या झाडाची फांदी पडेल तेव्हा तेव्हा तुझ्या घरातील एक माणूस मरेल. त्याच रात्री वादळ होऊन एक फांदी कोसळली आणि घरात मृत्यू घडला. म्हणून अर्लने झाडाच्या उरलेल्या फांद्या साखळदंडांनी बांधून टाकल्या. कथा खरी असो वा नसो, गावाबाहेरच्या रानात साखळ्यांनी जखडलेला ओक लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. २००७ साली त्याचा मोठा भाग कोसळला. साखळ्या कोणी व का बांधल्या याविषयी आजही तर्क चालतात.

१९२४ साली ही मिळकत परिसरातील व्यापारी मंडळींच्या हाती आली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने वाडा ताब्यात घेतला, आणि युद्धानंतर आतील लाकूड व शिसे काढून विकण्यात आले. म्हणून आज भिंती उभ्या आहेत व दालने उघडी पडली आहेत. बागा पाहण्यास लोक येत, परंतु खरी गर्दी लोटली ती १९८० साली. त्या वर्षी ‘कॉर्कस्क्रू’ ही पहिली मोठी गाडी सुरू झाली. बाटलीचे बूच काढण्याच्या मळसूत्राप्रमाणे ती माणसांना दोनदा उलटे करी. तेव्हापासून ऑल्टनचे नाव वाड्यापेक्षा गाड्यांसाठी घेतले जाऊ लागले.

झाडांहून उंच नको

येथे एक अडचण होती, आणि पुढच्या साऱ्या गमतीचे मूळ त्या अडचणीत आहे. दरीतील ग्रामस्थांना शांतता हवी होती व रानाची शोभा टिकावी अशी इच्छा होती. म्हणून उद्यानातील कोणतीही गाडी भोवतालच्या वृक्षांच्या शेंड्यांहून उंच दिसता कामा नये, असे बंधन पडले. अमेरिकेतील उद्याने दोनशे-तीनशे फुटांचे चढ उभारीत असताना ऑल्टनला मात्र झाडांखाली राहणे भाग होते. आवाजाच्या तक्रारीवरून २००४ साली प्रकरण कोर्टातही गेले होते, इतके शेजारी याबाबतीत दक्ष आहेत.

वर जाता येत नाही, तर खाली जावे, असा मार्ग जॉन वॉर्डली या योजनाकाराने काढला. १९९०च्या सुमारास त्याच्याकडे नव्या गाडीची कामगिरी आली. बेत बाहेर फुटू नये म्हणून त्याने तिला ‘सीक्रेट वेपन’, म्हणजे ‘गुप्त शस्त्र’, असे टोपणनाव दिले. पहिले दोन बेत एका अमेरिकन कंपनीच्या नळीसारख्या रुळांच्या गाडीचे होते. युटा संस्थानात जाऊन त्याने त्या गाडीचा नमुना स्वतः पाहिला. ती मंद व कंटाळवाणी वाटल्यामुळे दोन्ही बेत टाकून दिले. तिसरा बेत साधला. माथ्यावर रूळ, रुळाखाली टांगलेली आसने आणि अधांतरी लोंबणारे पाय, अशी ती गाडी होती. स्विस कारखान्याने अशी पहिली गाडी १९९२ साली अमेरिकेत उभारली होती; युरोपात ती अद्याप आलेली नव्हती.

ऑल्टनच्या खडकात सुरुंग लावून मोठा खड्डा खणण्यात आला. आजूबाजूस बातमी पसरली, आणि लोकांनी वाटेल ते तर्क केले. १६ मार्च १९९४ रोजी ‘नेमेसिस’ सुरू झाली. नेमेसिस ही ग्रीकांची प्रतिशोधाची देवता. गाडीची जमिनीपासूनची उंची अवघी ४३ फूट. परंतु ती खड्ड्यात शिरत असल्यामुळे उतार १०४ फुटांचा होतो. सुमारे २,३५० फुटांच्या रुळावर चार कोलांट्या घेत ती ताशी ५० मैलांनी खडकांच्या कपारींतून, लाल पाण्याच्या धबधब्यांजवळून निघून जाते. माणसाच्या लोंबत्या पायांपासून खडक हातभर अंतरावर असल्याचा भास होतो, आणि पन्नास मैलांचा वेग शंभर मैलांचा वाटतो. मोकळ्या आकाशात दोनशे फूट उंच चढविलेल्या गाडीला हा परिणाम साधला नसता. बंधनाने शिल्पीला खाली ढकलले, आणि तेथेच त्याला आपली कलाकृती सापडली.

तर्क करण्याची कला

‘गुप्त शस्त्र’ हे नाव पुढे प्रथाच होऊन बसले. चौथे शस्त्र, पाचवे, सहावे अशी गणना होऊ लागली, आणि प्रत्येक वेळी कुंपणाबाहेर तर्कांची शाळा भरू लागली. या शाळेचे पाठ्यपुस्तक कोणते, असे वाचक विचारतील. ते सरकारी आहे. इंग्लंडात कोणतेही मोठे बांधकाम करावयाचे तर स्थानिक कौन्सिलकडे नकाशांसह अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज कोणाही नागरिकास पाहावयास मिळतो. शेजाऱ्यांना हरकत घेता यावी म्हणून ही सोय आहे. परंतु तिच्यामुळे मोठ्यात मोठ्या उद्यानालाही आपले गुपित अर्धे उघडे करूनच बांधकाम सुरू करावे लागते. नकाशात खांबांच्या जागा असतात, उंची असते, तोडावयाच्या झाडांची यादी असते, आवाजाचा अहवाल असतो. गाडीचे नाव नसते, आणि तिच्यातील खरी चमत्कृतीही नसते. जे लिहिलेले नाही ते जे लिहिले आहे त्यावरून ओळखणे, हाच शौकिनांचा खेळ.

१९९८ साली सुरू झालेल्या ‘ऑब्लिव्हियन’चे रहस्य एका काळ्या भुयारात होते. वर रूळ थोडा आणि खाली विवर खोल, हे कोडे ज्याने सोडविले त्यास उत्तर मिळाले. गाडी कड्याच्या टोकाशी क्षणभर लटकून थांबते, प्रवाशाला खालचे धुक्याने भरलेले विवर दिसते, आणि मग ती जवळजवळ सरळ १८० फूट खाली कोसळते.

२०१० साली जुन्या ‘कॉर्कस्क्रू’च्या जागी ‘थर्टीन’ आली. तिच्या रानातील वाटेच्या शेवटी एक बंदिस्त इमारत होती. रूळ इमारतीत शिरतो एका पातळीवर आणि बाहेर पडतो दुसऱ्या, खालच्या पातळीवर. मधला उतार कोठेच दिसत नाही. तेव्हा आत काय होत असावे? गणित जाणणाऱ्याला एकच उत्तर उरते: रूळच गाडीसकट खाली पडत असला पाहिजे. तसेच निघाले. अंधाऱ्या तळघरात रुळाचा तुकडा सुमारे पाच मीटर खाली निसटतो, आणि मग गाडी उलट दिशेने बाहेर फेकली जाते. या जातीची ती जगातील पहिली गाडी.

२०१३ सालच्या ‘स्मायलर’च्या वेळी शौकिनांनी कोलांट्या मोजल्या. रुळांचे वेटोळे इतके गुंतागुंतीचे होते की, सोडलेल्या सुताच्या गुंड्याचाच भास व्हावा. गाडी एकूण चौदा वेळा उलटी होते. तो जागतिक उच्चांक ठरला. २०१८ साली जुन्या जलमार्गाच्या जागेवर ‘विकर मॅन’ उभी राहिली. या वेळी आश्चर्य वेगाचे नव्हते, लाकडाचे होते. एकवीस वर्षांत इंग्लंडात नवी लाकडी गाडी कोणी बांधली नव्हती. लोखंडी युगात लाकडाचा सांगाडा उभा राहताना पाहून जुन्या मंडळींना जो आनंद झाला असेल, तो नव्या मंडळींना समजावून सांगणे अवघड आहे.

हा सर्व उद्योग रिकामटेकडेपणाचा आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. खांबांवरून उतार, उतारावरून वेग आणि वेगावरून वळण ओळखताना शाळकरी मुलगा भौतिकशास्त्राचा धडा गिरवीत असतो, व तोही कोणी छडी न उगारता. शिवाय जी वस्तू आपणांस सहा महिन्यांनी आयतीच दिसणार आहे, तिच्याविषयी आज विचार करीत बसणे यात एक प्रकारचे प्रेम आहे. वाट पाहण्याचे दिवस तो अशा रीतीने आनंदाचे करून घेतो.

जाहिरात आणि अपेक्षा

तर्काला एक धोका मात्र असतो. तो अपेक्षेला खतपाणी घालतो, आणि मालकांनी त्यात जाहिरातीची भर टाकली म्हणजे वस्तू कितीही चांगली असली तरी ती अपेक्षेहून ठेंगणी ठरते. ‘थर्टीन’च्या वेळी असेच घडले. जाहिराती इतक्या भयानक होत्या की, आता काळजाचा ठोका चुकणार अशी सर्वांची समजूत झाली. प्रत्यक्षात योजनाकारांचा मूळ बेत लहान व मोठ्या गाड्यांमधील पोकळी भरून काढण्याचा, म्हणजे आईबापांनी मुलांसह बसावे अशा गाडीचा होता. १.२ मीटर उंचीचे मूल तिच्यात बसू शकते. शौकीन हिरमुसले. मुले मात्र खूष झाली, कारण मुलांनी जाहिरात गांभीर्याने घेतली नव्हती. गाडी चांगली होती. तिच्याविषयी सांगितलेली गोष्ट चुकीची होती.

२ जून २०१५

आतापर्यंत मी तर्काचे कौतुक केले. त्याच उद्यानात तर्काने काय अनर्थ केला तेही सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेख अर्धा राहील.

एकाच रुळावर अनेक गाड्या एकामागून एक धावत असतात. त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून सारा मार्ग भागांत विभागलेला असतो, व एका भागात एका वेळी एकच गाडी असावी असा नियम असतो. पुढील भाग मोकळा झाल्याची खूण मिळेपर्यंत यंत्रणा मागची गाडी आपोआप रोखून धरते. आपल्या रेल्वेच्या सिग्नलांचे तत्त्वही हेच.

२ जून २०१५ रोजी ‘स्मायलर’वर चार गाड्या चालू होत्या. त्यात पाचवी वाढविण्यात आली. एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली गेली, ती चढ पार करू शकली नाही, आणि मागे घसरून रुळाच्या एका खोलगट भागात थांबून राहिली. मागून सोळा प्रवाशांची गाडी निघाली. यंत्रणेने आपले काम चोख केले आणि तिला चढावर रोखून धरले. परंतु तंत्रज्ञांना पुढे रिकामी गाडी अडकली आहे याची कल्पना नव्हती. मार्ग मोकळा आहे, यंत्रणाच चुकून अडवीत आहे, असा त्यांचा समज झाला. त्यांनी यंत्रणेचा अडसर दूर करून गाडी पुढे सोडली. ती उभ्या गाडीवर जाऊन आदळली. जमिनीपासून सुमारे पंचवीस फूट उंचीवर प्रवासी अडकून पडले, आणि सर्वांची सुटका होईपर्यंत काही तास गेले. पाच जण गंभीर जखमी झाले. त्यांतील दोन तरुण मुलींना आपला एकेक पाय गमवावा लागला.

चौकशी झाली. रुळांत दोष सापडला नाही, डब्यांत सापडला नाही, नियंत्रणयंत्रणेतही सापडला नाही. दोष कामाच्या पद्धतीत सापडला. अशा प्रसंगी काय करावे, कोणी काय तपासावे, याचे पुरेसे नियम मालकांनी तंत्रज्ञांना घालून दिले नव्हते. सप्टेंबर २०१६मध्ये स्टॅफर्डच्या न्यायालयाने मालक कंपनीस ५० लाख पौंडांचा दंड केला. एकट्या तंत्रज्ञाच्या माथी सारा दोष मारून मोकळे होण्याची वाट न्यायाने बंद केली, हे योग्यच झाले. गाडी पुन्हा सुरू करताना उद्यानाने नवा दंडक घातला: बिघाड दुरुस्त करण्यासाठी काही केल्यास, गाडी सोडण्यापूर्वी किमान दोन माणसांनी त्याची खातरजमा करावी.

या घटनेत कुंपणाच्या दोन्ही बाजूंस तर्क आहे, हे ध्यानात घ्यावे. बाहेरचा शौकीन म्हणतो, ‘तेथे उतार असावा.’ त्याचा तर्क चुकला तर चार मित्र हसतात आणि तोही त्यांच्याबरोबर हसतो. आतला माणूस म्हणतो, ‘तेथे गाडी नसावी.’ त्याचा तर्क चुकला तर एका मुलीचा पाय जातो. शब्द दोघांचे सारखेच, मनाची धाटणीही सारखीच. बाहेर जो खेळ आहे, तो आत गुन्हा ठरू शकतो. चुकण्याची मोकळीक केवळ बाहेरच्याला आहे.

पुन्हा कुंपण

शौकीन मंडळी या दुःखातून काही शिकली की नाही, हे मी कसे सांगू? परंतु ती परत आली, एवढे खरे. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘नेमेसिस’ बंद झाली. अठ्ठावीस वर्षे रूळ झिजले होते, आणि ते बदलणे प्राप्त होते. पुन्हा कुंपण आले, पुन्हा तर्क सुरू झाले. जुनी वळणे तशीच राहतील का? खडकाशी असलेली ती जवळीक टिकेल का? या वेळच्या तर्कात कुतूहलापेक्षा काळजी अधिक होती. ज्यांनी बालपणी बापाचा हात धरून ती गाडी पाहिली होती, ते आता स्वतःच्या मुलांचा हात धरून कुंपणापाशी उभे होते. नवे काय येणार यापेक्षा जुने काय राहणार, हा त्यांचा प्रश्न होता.

१६ मार्च २०२४ रोजी, पहिल्या दिवसानंतर बरोबर तीस वर्षांनी, ती गाडी पुन्हा धावू लागली. रूळ नवे, रंग काळा. वळणे मात्र तीच. पुजिनच्या मंदिराचा मनोराही चीडलच्या आकाशात अजून उभा आहे. प्रवाशाने एका दिवसात दोन्ही पाहावीत. एक वर दोनशे फूट गेले आहे, दुसरे खडकात खाली उतरले आहे. दोन्ही बांधणाऱ्यांनी कोठेही अंदाजावर विसंबून दगड वा खांब बसविला नाही, म्हणूनच माणसे त्यांच्याखाली आणि त्यांच्यावर निर्धास्त बसतात.

आपल्या गावांत असली गाडी नाही. परंतु मळणीयंत्र आहे, विहिरीवरची विजेची मोटर आहे, घाटात उतरणारा ट्रॅक्टर आहे, खाडीतली होडी आहे. ‘आत कोणाचा हात नसेल’, ‘वीज बंद असेल’, ‘ब्रेक लागत असतील’ असे म्हणून कळ दाबणारी माणसेही आहेत. पुढच्या वेळी कळ दाबण्यापूर्वी ‘असेल’ हा शब्द ओठांवर आला, तर चार पावले चालत जाऊन डोळ्यांनी पाहावे, आणि शेजारच्या दुसऱ्या माणसालाही पाहावयास सांगावे. तर्क करावयाची हौस असेल त्याने ती फेस्ताच्या मैदानावर, आकाशपाळण्याच्या सांगाड्यापाशी, मुलांच्या संगतीत खुशाल भागवून घ्यावी.